संघ नेमका कुणाचा होता?

जानेवारी २०१५ मध्ये वरिष्ठ गटाची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा भिलाईत भरली. रायपूरहून तासाभरावर असलेल्या या पोलाद कारखान्याच्या गावात देशातले सगळे मोठे संघ मुक्कामाला आले होते. छत्तीसगड राज्य तेव्हा चौदा वर्षांचं होतं. बहुतेक खेळांत नव्या राज्याला अजून कुणी ओळखत नव्हतं, पण मुलींच्या बास्केटबॉलमध्ये छत्तीसगडशी गाठ पडणार म्हटलं की भलेभले संघ सावध व्हायचे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दुर्गला स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झालं आणि भिलाईची महाविद्यालयं रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातून बाहेर पडली. २०१८ मध्ये प्रशिक्षक राजेश पटेल गेले. वरिष्ठ महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत आज शेवटच्या टप्प्यावर रेल्वे, केरळ, तामिळनाडू ही नावं पुन्हा पुन्हा दिसतात, छत्तीसगडचं नाव क्वचित. रायपूरच्या विद्यापीठ संघाबद्दल तर शहरातही कुणी बोलत नाही.

एवढा नावाजलेला खेळ इतक्या लवकर कसा ओसरला? इथे विचारलं की तीन उत्तरं हमखास मिळतात. सर गेले, क्रिकेटनं सगळं खाल्लं, आजची पोरं मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत. यातलं पहिलं उत्तर खरं आहे, पण तिथेच थांबलं तर फसवं आहे. दुसरी दोन मला पटत नाहीत. क्रिकेट १९८३ पासून सगळीकडे आहे, केरळातही आहे, आणि मोबाइल चेन्नईच्या मुलींच्या हातातही आहे. मग खेळ इथेच का ओसरला, हे समजून घ्यायला तो इथे आला कसा, उभा कुणी केला आणि त्याचं मालकपण कुणाकडे होतं, हे तपासावं लागतं.

बास्केटबॉल जन्मला तोच एका शिक्षणसंस्थेत. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं हिवाळ्यात बंद जागेत खेळता यावा म्हणून तो तयार केला. त्याच संस्थेतून शिकून आलेल्या हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं आणि तिथून तयार झालेल्या शिक्षकांनी हा खेळ देशभर नेला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीत झाली. आपल्या भागात शरीरशिक्षणाचं मोठं पीठ होतं अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये उभारलेल्या या संस्थेनं १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. रायपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं, राजधानी नागपूर होती, आणि १९३८ साली निघालेलं रायपूरचं छत्तीसगड महाविद्यालय नागपूर विद्यापीठाला जोडलेलं होतं. नागपूर आणि अमरावतीकडून कारकून, वकील, मास्तर इकडे यायचे, त्यांच्यात खेळाचे मास्तरही असायचे. इथल्या मराठी वस्तीची मुळं भोसल्यांच्या काळातली असली, तरी शाळेच्या मैदानाशी तिचं नातं जुळलं ते याच मास्तरांमुळे.

खेळाला खरी बैठक मात्र भिलाईनं दिली. १९५५ मध्ये सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली भट्टी सुरू झाली. कारखान्याभोवतीची वसाहत सेक्टरांमध्ये आखली होती. शाळा, दवाखाना, बाजार आणि मैदान या आखणीत आधीपासून होतं. देशाच्या सगळ्या भागांतून लोक आले. पंजाब, केरळ, आंध्र, बंगाल, महाराष्ट्र इथली घरं एका रांगेत नांदू लागली. मुलगी संध्याकाळी अर्धी चड्डी घालून मैदानावर गेली तर बोलायला आजूबाजूला गावकीतले काका नव्हते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जुन्या रायपूरच्या पुरानी बस्तीत किंवा ब्राह्मणपाऱ्यात त्या काळात ते सोपं नव्हतं. बापाची कायम नोकरी, क्वार्टर, कारखान्याची शाळा आणि रात्री दिव्याखाली खेळता येईल असं कोर्ट इतकं सगळं असलेली पोरगी रोज दोन वेळा सरावाला जाऊ शकत होती.

राजेश पटेल यांनी यातूनच संघ घडवले. सेक्टर एकमधल्या मैदानावर त्यांनी वर्षानुवर्षं मुली घडवल्या आणि राज्याच्या संघांनी मुलींच्या वेगवेगळ्या वयोगटांत राष्ट्रीय पदकं आणली. सीमा सिंग, अंजू लकरा, भारती नेताम, शरणजीत कौर ही त्या परंपरेतली नावं. कानपूरची पूनम चतुर्वेदी, उंची जवळपास सात फूट, बास्केटबॉल शिकायला आपलं मोठं राज्य सोडून भिलाईला आली. उत्तर प्रदेशातल्या मुलीनं दहा-बारा वर्षांच्या राज्यात जाऊन शिकावं, यावरून भिलाईचा दबदबा कळतो.

आता हे बघा. या सगळ्यात महाविद्यालय कुठे होतं? मुलगी बारावी झाली की एखाद्या महाविद्यालयात नाव घालायची, कारण वय झालं होतं आणि पदवी लागणार होती. सराव भिलाईच्या कोर्टवर, सर तेच, सहकारी त्याच. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपुरती ती महाविद्यालयाचा गणवेश घालायची आणि चषक प्राचार्यांच्या दालनातल्या काचेच्या कपाटात जायचा. मग विद्यापीठाचा संघ निवडला जायचा, त्यातही याच मुली. रविशंकर विद्यापीठाच्या नावावर जे यश जमा झालं ते असं, बाहेर तयार झालेलं. विद्यापीठानं ते घडवलं नव्हतं, नोंदवलं होतं. ही कठोर टीका वाटेल, पण पुढची पडझड हे मान्य केल्याशिवाय कळत नाही.

अमेरिकेत नेमकं उलटं आहे आणि म्हणून तिथल्या पडझडीकडे बघणं उपयोगी ठरतं. तिथे संघ विद्यापीठाचा असतो. प्रशिक्षक विद्यापीठाचा नोकर, मैदान विद्यापीठाचं, शिष्यवृत्ती विद्यापीठाची, आणि प्रेक्षक तर पिढ्यान्‌पिढ्या त्याचेच. तरीही मोठमोठी घराणी कोसळली आहेत, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजची गोष्ट सगळ्यात दुःखद. हार्लेममधलं हे महाविद्यालय फी घेत नव्हतं, स्थलांतरितांची गरीब हुशार मुलं तिथे शिकत. १९५० मध्ये नॅट होल्मन यांच्या संघानं देशातल्या दोन्ही मोठ्या स्पर्धा एकाच मोसमात जिंकल्या. हे दुसऱ्या कुणालाही जमलेलं नाही. पुढच्याच वर्षी जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन सामन्यांतल्या गुणांचा फरक कमीजास्त केल्याबद्दल त्या संघातल्या खेळाडूंना अटक झाली. कॉलेजनं मोठ्या स्पर्धांमधून अंग काढून घेतलं आणि आज ते सगळ्यात खालच्या गटात खेळतं. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठानं बिल रसेलच्या बळावर १९५५ आणि १९५६ ही दोन विजेतेपदं मिळवली, सलग साठ सामने जिंकले. १९८२ मध्ये गैरप्रकार आवरत नाहीत म्हणून कुलगुरूंनी स्वतःहून संघच बंद केला आणि तीन वर्षांनी पुन्हा सुरू केला. १९९८ मध्ये तो राष्ट्रीय स्पर्धेत परतला, पण पुन्हा तिथे पोचायला २०२२ उजाडलं. मला या कुलगुरूंच्या निर्णयाबद्दल आदर आहे, कारण संघ बंद करण्याची ताकद ज्याच्याकडे असते त्याच्याकडेच तो पुन्हा उभा करण्याचीही असते.

काही घराणी एका माणसावर उभी होती. जॉन वुडन यांनी कॅलिफोर्नियातल्या यूसीएलएला १९६४ ते १९७५ या बारा मोसमांत दहा विजेतेपदं मिळवून दिली. ते निवृत्त झाल्यानंतरच्या पन्नास वर्षांत तिथे एकच आलं, १९९५ मध्ये. इंडियानाचा १९७६ चा संघ एकही सामना न हरता विजेता ठरलेला शेवटचा पुरुष संघ. प्रशिक्षक बॉब नाइट यांना २००० मध्ये काढावं लागलं, आणि शेवटचं विजेतेपद अजूनही १९८७ चंच आहे. जॉर्जटाउननं तर १९८४ च्या विजयाचा नायक पॅट्रिक ईविंग यालाच २०१७ मध्ये प्रशिक्षक म्हणून आणलं. २०२१-२२ च्या मोसमात त्याचा संघ आपल्या साखळीतले एकोणीसच्या एकोणीस सामने हरला. जुन्या वैभवातला माणूस आणला म्हणून वैभव परत येत नाही, हे त्या लोकांनी फार महागात शिकून घेतलं.

आपल्या प्रश्नाला सगळ्यात जवळची गोष्ट मात्र मुलींच्या एका छोट्या महाविद्यालयाची आहे. फिलाडेल्फियाजवळचं इमॅक्युलाटा हे तेव्हा नन चालवत असलेलं मुलींचं महाविद्यालय होतं. १९७० मध्ये कॅथी रश तिथे प्रशिक्षक झाल्या, पगार वर्षाला साडेचारशे डॉलर. महाविद्यालयाची व्यायामशाळा काही वर्षांपूर्वी जळून गेलेली, स्वतःचं कोर्ट नाही. १९७२ मध्ये महाविद्यालयीन महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा ठरली तेव्हा प्रवासाला पैसे नव्हते. मुलींनी टूथब्रश विकून पैसे उभे केले आणि विमानाच्या तिकिटांत आठच जणी बसल्या. त्या आठ जणी जिंकल्या. १९७३ आणि १९७४ मध्येही इमॅक्युलाटाच जिंकलं. घरच्या सामन्यांना नन बादल्या बडवून मुलींना चेव आणायच्या. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये महाविद्यालयीन महिलांचा पहिला सामना खेळायचा मानही त्यांनाच मिळाला, आणि तो बघायला बाराएक हजार लोक आले.

मग ते संपलं, आणि ज्या कायद्यानं मुलींचं भलं केलं त्याच कायद्यामुळे संपलं. जून १९७२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी मुलामुलींत भेद करायचा नाही, खेळातही नाही. काही वर्षांत मोठ्या विद्यापीठांना मुलींच्या संघावर खर्च करावा लागला. शिष्यवृत्त्या आल्या, पूर्णवेळ प्रशिक्षक आले, आणि चांगली खेळाडू मुलगी साहजिकच तिकडे गेली. आधी इमॅक्युलाटा मागे पडलं, मग मिसिसिपीतलं डेल्टा स्टेट, मग ओल्ड डोमिनियन, मग लुइझियाना टेक. एकामागून एक लहान घराणं. पुढे टेनेसीत पॅट समिट यांनी आठ विजेतेपदं मिळवली. २०१२ मध्ये आजारपणामुळे त्या निवृत्त झाल्या, २०१६ मध्ये गेल्या, आणि टेनेसीसारखं श्रीमंत विद्यापीठही २००८ नंतर अंतिम चार संघांत पोचलेलं नाही. आता तर २०२१ पासून विद्यार्थी खेळाडूला आपल्या नावावर पैसे कमावता येतात आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठ स्वतःच वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत खेळाडूंत वाटू शकतं. ज्यांच्याकडे पैसा कमी, त्यांची गळती आणखी वाढणार.

इमॅक्युलाटा पडलं कारण मुलींच्या खेळाची वाट रुंद झाली. एक लहान दार बंद झालं आणि शंभर मोठी उघडली. हे नुकसान सोसण्यासारखं आहे. भिलाईचं दार बंद होत गेलं तेव्हा बाजूला दुसरं कुठलं उघडलं? मला इथली खरी खंत ही वाटते.

भिलाईत काय घडलं ते पाहू. एके काळी कारखान्यात साठ हजारांच्या पुढे कायम कामगार होते. उत्पादन वाढलं, यंत्रं आली, कंत्राटी माणूस आला, आणि कायम कामगारांची संख्या घसरत आज त्याचा लहानसा हिस्सा उरला आहे. कायम कामगार कमी म्हणजे वसाहतीत मुलं कमी, म्हणून कारखान्याच्या शाळा एकेक करून बंद किंवा एकत्र झाल्या. कंत्राटी कामगाराचं पोर वसाहतीबाहेरच्या वस्तीत राहतं. त्याला ना क्वार्टर, ना कारखान्याची शाळा, ना संध्याकाळचं कोर्ट. पटेल सर असते तरी ही उतरण काही प्रमाणात झालीच असती. सरांच्या जाण्यानं ती उघडी पडली.

दुसरी गळती नोकरीची. आपल्याकडे महिला बास्केटबॉलपटूला खेळावर मिळणारी सगळ्यात भरवशाची नोकरी रेल्वेची. २००३ मध्ये बिलासपूरला दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं मुख्यालय आलं तेव्हा ही सोय दारातच आली. कुठल्याही पालकाला विचारा, मुलीला रेल्वेत लावणं हेच वर्षानुवर्षांच्या सरावाचं फळ. ते योग्यच आहे. मुलींसाठी टिकाऊ व्यावसायिक लीग नसलेल्या देशात याहून शहाणपणाचं काही नाही. पण राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वे स्वतःचा वेगळा संघ उतरवते. छत्तीसगडनं दहा वर्षं घडवलेली मुलगी विसाव्या-एकविसाव्या वर्षी रेल्वेच्या गणवेशात छत्तीसगडविरुद्ध उभी राहते. वरिष्ठ संघ दरवर्षी नव्या पोरींचा, समोर आपल्याच जुन्या पोरी. एखादं राज्य हे किती वर्षं सोसेल?

आणि तिसरी गळती विद्यापीठाची, जिच्याबद्दल इथे कुणी बोलताना मी ऐकलं नाही. रायपूरची महाविद्यालयं आधी नागपूर विद्यापीठात होती, मग सागर विद्यापीठात गेली, आणि १९६४ मध्ये रायपूरला रविशंकर विद्यापीठ झालं तेव्हा सगळा छत्तीसगड त्याच्या पदराखाली आला. मग वाटण्या सुरू झाल्या. १९८३ मध्ये बिलासपूरला गुरू घासीदास विद्यापीठ, २००५ मध्ये तंत्रशिक्षणाचं वेगळं विद्यापीठ भिलाईत, म्हणजे अभियांत्रिकीची सगळी मुलंमुली गेली. २००८ मध्ये जगदलपूर आणि अंबिकापूर, मग २०१५ मध्ये दुर्ग. शिक्षणाच्या दृष्टीनं मी या वाटण्यांच्या बाजूनं आहे. बस्तरच्या मुलीला गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त करायला तीनशे किलोमीटर रायपूरला यावं लागू नये. पण आंतरविद्यापीठ स्पर्धेत प्रत्येक विद्यापीठाचा एकच संघ जातो. एके काळी भिलाईच्या पाच, रायपूरच्या तीन, बिलासपूरच्या दोन अशा एकत्र खेळू शकत होत्या. आता त्याच दहा जणी चार-पाच गणवेशांत विखुरल्या आहेत आणि प्रत्येक संघात दोन-तीन खऱ्या खेळाडू, बाकी भरती. विभागीय फेरीतच डाव आटोपतो.

त्यातून महाविद्यालयात क्रीडा अधिकाऱ्याचं पद कागदावर असतं आणि वर्षानुवर्षं रिकामं राहतं. काही ठिकाणी अतिथी म्हणून वर्षभराच्या बोलीवर माणूस येतो. जुलैत प्रवेश, ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस, मग सत्र परीक्षा, आणि त्याच धांदलीत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं पत्र येतं. संघ आठ दिवसांत गोळा होतो. हजेरीची अट, अंतर्गत गुण आणि सामन्याची तारीख एकमेकांवर आदळतात, आणि त्यात नेहमी सामनाच हरतो. बाहेरच्या खासगी विद्यापीठांनी हे ओळखलं आहे. फी माफ, वसतिगृह फुकट, परीक्षा मागेपुढे, असं सांगून ती चांगल्या खेळाडूला घेऊन जातात. अमेरिकेत मोठ्यांनी लहानांना गिळलं तसंच हे आहे, फक्त आपल्याकडे गिळणारं राज्याबाहेरचं आहे.

महाराष्ट्रातलं नागपाडा आठवल्याशिवाय हा आढावा पुरा होत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ड यांनी १९२७ च्या सुमारास मुंबईच्या त्या दाटीवाटीच्या मोहल्ल्यात नागपाडा नेबरहूड हाउस उभारलं. १९३६ मध्ये टाटांची समाजकार्याची संस्था सुरू झाली तीही तिथूनच. मस्तान वायएमसीए आणि नागपाडा बास्केटबॉल असोसिएशनच्या कोर्टांवरून भारतीय संघाला एकामागून एक खेळाडू मिळाले. कर्णधार गुलाम अब्बास मुंतसिर यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. मुंबईतली महाविद्यालयं तिथल्या मुलांना खेळाच्या कोट्यातून घ्यायची आणि पुढे बँक, रेल्वे, सीमाशुल्क अशा कचेऱ्यांच्या संघांत त्यांची सोय व्हायची. कचेऱ्यांचे संघ आटत गेले तशी नागपाड्याची चमकही ओसरली. पण नागपाडा पुरतं विझलं नाही, कारण तिथलं कोर्ट मोहल्ल्याचं आहे. बाप खेळलेला असतो, मुलगा खेळतो, चाळीतला म्हातारा कठड्यावर बसून फाउल ओरडून सांगतो. कुणाची बदली झाली, कुणी निवृत्त झालं, तरी कोर्टाला कुलूप लागत नाही. भिलाईच्या कोर्टामागे मोहल्ला नव्हता, क्वार्टरं होती, आणि क्वार्टर निवृत्तीनंतर सोडावं लागतं.

केरळात तिसरीच रचना आहे आणि छत्तीसगडनं बघावी अशी आहे. तिथे राज्य क्रीडा परिषदेची खेळाडूंची वसतिगृहं महाविद्यालयांना जोडलेली आहेत. चंगनाशेरीच्या असम्प्शन कॉलेजमध्ये शिकलेली गीतू ॲना जोस पुढे ऑस्ट्रेलियात खेळली, २०११ मध्ये अमेरिकेतल्या व्यावसायिक महिला लीगच्या निवडचाचणीपर्यंत पोचली, आणि २०१४ चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. मुलगी महाविद्यालयात राहते, तिथेच सराव करते, आणि नोकरीसाठी राज्याच्या वीज मंडळाचा संघ आहे. वीज मंडळात लागलेली मुलगी राष्ट्रीय स्पर्धेत केरळाकडूनच खेळते. म्हणजे तीनही दुवे राज्यातच आहेत आणि महाविद्यालय त्यातला खरा दुवा आहे, नुसता शिक्का नाही. छत्तीसगडला स्वतःच्या वीज कंपन्या आहेत, पोलीस दल आहे, खनिजाचा पैसा आहे. दरवर्षी चार-पाच मुलींना राज्यातच नोकरी देणं एवढं अवघड नाही.

सगळं संपलेलं नाही हेही सांगायला हवं. राजनांदगावला भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात मुली बास्केटबॉल शिकतात आणि लहान वयोगटांत राज्याचं नाव अजून निघतं. राजनांदगाव हे आपल्या गोंदियाच्या वाटेवरचं गाव. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात मराठी घरातले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. एका लहान गावच्या महाविद्यालयाचं नाव एका प्राध्यापकामुळे सगळ्या देशाला माहीत झालं. खेळातही तसं होऊ शकलं असतं, पण केंद्रातल्या त्या मुली अठरा वर्षांच्या झाल्या की पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. पुढे कुठे? रेल्वे, बाहेरचं विद्यापीठ, की लग्न?

रायपूरनं या काळात बांधलं भरपूर. २०१५ च्या शेवटी हॉकीच्या जागतिक लीगची अंतिम स्पर्धा इथे झाली आणि भारतानं नेदरलँड्सला हरवून कांस्यपदक घेतलं. तो दिवस शहर विसरलेलं नाही, मीही नाही. नव्या रायपुरात मोठं क्रिकेट स्टेडियम आहे, शहरात बंदिस्त क्रीडागृह आहे. पण बास्केटबॉलच्या विद्यापीठ संघाला या इमारतींची गरज फारशी नव्हती. त्याला सामने हवे होते. अमेरिकेतला महाविद्यालयीन संघ एका मोसमात तीसच्या आसपास सामने खेळतो, त्यातले निम्म्याहून जास्त आपल्या शेजाऱ्यांच्या साखळीत. हरला तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदानावर असतो, आणि म्हणूनच पडलेली घराणी तिथे वीस-तीस वर्षांनी परत उठतात. आमचा विद्यापीठ संघ परगावी जातो, बाद पद्धतीत एक-दोन सामने खेळतो आणि तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत असतो. वर्षात एवढंच. एवढ्यावर मुलगी काय शिकणार आणि गावाला तिचं नाव कसं कळणार?

विद्यापीठांच्या वाटण्या आता उलटायच्या नाहीत. मग त्यांचाच उपयोग का करू नये? बिलासपूर, रायपूर, दुर्ग आणि राजनांदगाव ही चारही गावं हावडा-मुंबई या एकाच रेल्वेमार्गावर आहेत. सकाळच्या लोकलनं निघून संध्याकाळचा सामना खेळून रात्री घरी पोचता येतं, मुक्कामाचा खर्च नाही. तीन गावांत तीन विद्यापीठांचे संघ आहेतच. चौथा राजनांदगावच्या केंद्रातल्या मोठ्या मुलींचा करावा. प्रत्येकानं उरलेल्या तिघांशी एकदा घरी आणि एकदा त्यांच्या गावी खेळायचं ठरवलं, तर संघाला सहा-सहा सामने मिळतात आणि एकूण बारा सामने होतात. पावसामुळे ऑगस्ट-सप्टेंबरचे सामने बंदिस्त क्रीडागृहात घ्यावेत, उरलेले ऑक्टोबरात कोर्टवर. आंतरविद्यापीठ स्पर्धेचं पत्र येईपर्यंत संघ दोन महिने एकत्र खेळलेला असेल. यासाठी राज्य सरकारकडून एकच आदेश लागतो, की सामन्याच्या दिवशी खेळाडू मुलीची हजेरी लावावी आणि तिची अंतर्गत परीक्षा दुसऱ्या दिवशी घ्यावी. बाकीचं वेळापत्रक तीन विद्यापीठांचे क्रीडा संचालक आणि राजनांदगावचे प्रशिक्षक एका बैठकीत लावू शकतात.